नाकाची ऍलर्जी टेस्ट, रामदासपेठ, नागपूर: टेस्ट झकास, रिपोर्ट कच्चा

आधी रेटिंग सांगून टाकतो, ज्याला घाई आहे तो इथूनच निघून जाईल. पाचपैकी साडेतीन. टेस्ट ज्या पद्धतीनं करतात तिला साडेचार द्यायलाही हरकत नाही, पण हातात जो रिपोर्ट ठेवतात त्याला दोनच्या वर एक पॉइंट नाही. पार्किंगबद्दल बोलूच नका, रामदासपेठ आहे बाप्पा, दवाखाने वाढत गेले अन् रस्ते तेवढेच राहिले. क्लिनिकचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली थोडी तक्रार आहे आणि माणसं तशी चांगली आहेत.

मी हिंगणा एमआयडीसीत क्वालिटीला आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्लग गेज हेच दिवसभर, आणि ऑडिट आलं की गेज आर अँड आर. म्हणजे काय, तर तोच पार्ट तोच माणूस परत परत मोजतो तेव्हा आकडा किती हलतो ते पाहायचं, मग तोच पार्ट दुसऱ्या माणसाच्या हातात द्यायचा आणि तेव्हा किती हलतो ते पाहायचं. एकूण फरकात मोजमापाचाच गोंधळ दहा टक्क्यांच्या आत असला तर गेज चांगला, तीस टक्क्यांच्या वर गेला तर तो गेज बाजूला ठेवा. हे डोक्यात इतकं बसलंय की बीपी मोजणाऱ्या सिस्टरलाही मी म्हणतो, ताई एकदा परत घ्या ना. बायको म्हणते तुम्हाला दवाखान्यात न्यायची लाज वाटते.

तर मला दरवर्षी पावसाळा उतरायला लागला की शिंका. गणपतीपासून जे सुरू होतं ते दिवाळीपर्यंत, डोळे लाल, नाक वाहून राहिलं, टाळूला खाज. घरचे म्हणायचे धुपानं होतं, कोणी म्हणालं कोराडीच्या वीज केंद्राची राख, कोणी म्हणालं कूलरची घाण. माझा स्वतःचा संशय गाजरगवतावर होता, कारण आमच्या लेआउटमध्ये जेवढे रिकामे प्लॉट आहेत तेवढं ते माजलेलं असतं. हे गवत आपलं नाहीच, मूळचं अमेरिकेकडचं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आज विदर्भात त्याच्याशिवाय एक रस्ता दाखवा. अंगाला लागलं की चट्टे येतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचे परागकण नाकात गेल्यावरही त्रास देतात हे कमी लोकांना माहीत असतं.

आधी हातावरची टेस्ट केली होती, तीच ती, थेंब ठेवून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात. सलाईनच्या गांधीपेक्षा तीन मिलिमीटर मोठी आली की पॉझिटिव्ह. माझ्या हातावर गाजरगवत आलं, हराळी आली (हो, तीच दूर्वा), वावळ आली, धुळीतले किडे आले, झुरळ पण आलं. आता सांगा यातून काय समजायचं. हातावर गांधी येणं म्हणजे शरीरात त्या गोष्टीविरुद्धची आयजीई (ऍलर्जीची अँटीबॉडी) तयार आहे एवढंच, नाकाला त्रास त्याच्यानंच होतो असं त्यातून ठरत नाही. कितीतरी लोकांच्या हातावर गांधी येते आणि नाकाला काहीच होत नाही. उलटंही असतं, हात साफ, रक्तातली आयजीई साफ, आणि नाक मात्र वाहतं, स्पेनमधल्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलंय, अशा पेशंटचं निदान नाकातच ऍलर्जन (म्हणजे ज्यानं ऍलर्जी होते ती गोष्ट) टाकून पाहिल्याशिवाय पक्कं होत नाही.

म्हणून ही नाकाची टेस्ट. नेझल प्रोव्होकेशन किंवा नेझल चॅलेंज म्हणतात. ज्याचा संशय आहे ते नाकात मारायचं आणि नाक काय करते ते मोजायचं. आयडिया जुनी आहे, मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली नावाच्या डॉक्टरनं स्वतःलाच हा त्रास होता म्हणून गवताचे परागकण स्वतःच्याच नाकात घालून पाहिले, सीझन नसताना सुद्धा, आणि १८७३ ला सगळं छापलं. तेव्हा आयजीई कोणाला माहीत नव्हती, ती सापडली १९६० च्या दशकात. मला त्या माणसाबद्दल जाम आदर आहे, सीझन नसताना टेस्ट करायची अक्कल त्याला दीडशे वर्षांपूर्वी होती.

आता क्लिनिकचं सांगतो. फोनवरच त्यांनी विचारलं की दमा आहे का, बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, मागच्या महिन्यात सर्दी-ताप झाला होता का. मग व्हॉट्सॲपवर यादी आली, सर्दीच्या गोळ्या कधीपासून बंद, नाकातला स्टिरॉइडचा स्प्रे कधीपासून बंद, त्या दिवशी सकाळी तिखट आणि सिगरेट नको. म्हणजे तर्री पोहा गेला. पण यादी बरोबर आहे, अँटिहिस्टामिन पोटात असली तर नाक गप्प बसतं आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. एप्रिलमध्येच या असंही त्यांनीच सांगितलं, गाजरगवताचा जोर नसतो तेव्हा. सीझनमध्ये नाक आधीच भडकलेलं असतं, त्याच्यावर अजून मारून काय मोजणार.

वेटिंग रूममध्ये वाळ्याचा कूलर धो धो चालू, ऍलर्जीच्या दवाखान्यात कूलर पाहून मला हसूच आलं. पण टेस्टची खोली वेगळी, एसीची, दार बंद. तिथं सिस्टरनं मला बराच वेळ नुसतं बसवून ठेवलं. मी विचारलं काहून बसवून राहिल्या ताई, तर म्हणाल्या, "काका, बाहेर बेचाळीस डिग्री आहे, तुमचं नाक या खोलीला सेट होऊ द्या." आपण पण पार्ट शॉपफ्लोअरवरून आणला की लगेच मोजत नाही, स्टँडर्ड रूममध्ये ठेवतो, तिथंच मी मनातल्या मनात एक स्टार दिला.

मग मोजायचं यंत्र. साधं आहे, प्लॅस्टिकची नळी, तोंडावर-नाकावर मास्क, तोंड मिटून नाकानं जोरात आत ओढायचं, काटा सरकतो, मिनिटाला किती लिटर ते दिसतं. पीएनआयएफ म्हणतात. तीनदा ओढायला लावलं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहिला. याच्यापेक्षा भारी यंत्र असतं, ऱ्हायनोमॅनोमीटर, ते नाकातला प्रेशर आणि हवा दोन्ही मोजतं आणि १५० पास्कलला किती हवा गेली ते सांगतं, पण ते इथं नव्हतं. नळीचा तोटा असा की ती तुमच्या जोरावर चालते. मास्क थोडा हलला, जीव लावून ओढलं नाही, की आकडा पडला. शिवाय पहिल्यांदा ओढणारा नवखा असतो, पुढच्या वेळी त्याला जमतं आणि नाक तेच असून आकडा वाढतो. हे लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

आकड्यासोबत त्रासाचेही मार्क असतात. शिंका, वाहणं, खाज, चोंदणं, प्रत्येकाला शून्य ते तीन, म्हणजे सगळे मिळून बारा. हे तुम्हीच सांगायचं. माझा सुरुवातीचा आकडा १३० आणि मार्क एक.

त्यानंतर लगेच गाजरगवत मारत नाहीत, आधी नुसतं सलाईन मारतात, आणि हीच या टेस्टची खरी जान आहे. काही लोकांचं नाक कशानंही चिडतं, थंड पाण्यानं, अत्तरानं, कळमन्याच्या मिरचीनं, अशा नाकात सलाईन गेलं तरी ते वाहायला लागतं. सलाईननंच आकडा धाडकन पडला तर टेस्ट तिथंच थांबवायची, पुढचं सगळं फालतू. माझा सलाईननंतर १२५ आला, म्हणजे ठीक. मी ताईंना म्हटलं की कोणतं पाणी आणि कोणतं औषध ते मला सांगू नका, नाहीतर मी मनानंच शिंका देईन. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, पहिलं नेहमी पाणीच असतं." आता यावर काय बोलणार. पण मुद्दा खरा आहे, आकडा खोटं कमी बोलतो, मार्क माणूस देतो, म्हणून दोन्ही सोबत पाहतात.

मग खरा स्प्रे. दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा, दोन्ही नाकपुड्यांत फवारा, मग श्वास सोडा, म्हणजे औषध छातीत ओढलं जात नाही. दोन्ही नाकपुड्यांत का, तर नाकाची एक बाजू थोडी बंद आणि एक उघडी असं आपोआप चालू असतं आणि काही तासांनी बाजू बदलते. हे १८९५ मध्ये कायझर नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय. एकाच बाजूला मोजलं तर तुम्ही ऍलर्जी मोजली की नाकाची पाळी मोजली ते कळणार नाही.

दोन-तीन मिनिटांत नाकात गुदगुल्या, मग शिंकांची माळ, मग नळ सुटला. नंतरच्या रीडिंगला ७० आणि मार्क आठ. सलाईनच्या आकड्यापासून धरलं तर ४४ टक्के उतार. युरोपातल्या ऍलर्जी डॉक्टरांच्या संघटनेनं २०१८ ला ही टेस्ट सगळीकडं एकसारखी व्हावी म्हणून कागद काढला, त्यात ४० टक्के किंवा जास्त उतार असला तर सरळ पॉझिटिव्ह, आणि २० टक्क्यांच्या वर असला तर सोबत त्रासाचे मार्क पण वाढलेले पाहिजेत असं आहे. माझं दोन्हीत बसलं. नंतर तासभर बसवून ठेवलं, छाती तपासली, संध्याकाळी परत नाक चोंदू शकतं म्हणून गोळी लिहून दिली. चोंदलंच, रात्री जेवताना वास येत नव्हता. काही तासांनी येणारी ती दुसरी लाट असते, आणि तिची आधी कल्पना दिली हे मला आवडलं.

आता रिपोर्ट. एक पान, वर लोगो, खाली सही, मध्ये लिहिलंय पार्थेनियम (म्हणजे आपलं गाजरगवत): पॉझिटिव्ह. बस. सुरुवातीचा आकडा नाही, सलाईनचा नाही, किती मिनिटांनी घेतला नाही, औषधाचा लॉट नंबर नाही. मी आकडे सिस्टरच्या पॅडवरून मोबाईलमध्ये फोटो काढून आणले म्हणून वर लिहू शकलो. आमच्याकडं असा इन्स्पेक्शन रिपोर्ट कस्टमरला पाठवला तर दुसऱ्या दिवशी फोन येईल. लॉट नंबरची कटकट मी उगीच करून राहिलो नाही, परागकणांचा अर्क लॉट बदलला की थोडा बदलतो. शिवाय बाटलीवर किती द्रावणात किती वजनाचे पराग एवढंच लिहिलं असलं तर त्यात त्रास देणारं प्रोटीन नेमकं किती ते कळत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांचे युनिट पण वेगवेगळे, एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही.

डॉक्टर म्हणाले आता ड्रॉप्स सुरू करू, तीन वर्षं. ही इम्युनोथेरपी, म्हणजे त्याच ऍलर्जनचे डोस देत देत शरीराला सवय लावणं, तीन ते पाच वर्षं चालते हे मलाही माहीत होतं, फसवत नव्हते, पण टेस्ट करणारे तेच आणि ड्रॉप्स देणारेही तेच. तीन वर्षांचा खर्च एका रीडिंगवर? मी म्हटलं सर, परत एकदा करा, मग ठरवू. मला वाटलं चिडतील. चिडले नाही. फक्त म्हणाले लगेच नाही, मध्ये चार-सहा आठवडे जाऊ द्या.

आणि इथं आमचा धंदा आणि त्यांचा धंदा वेगळा पडतो. स्टीलची पिन मी दिवसभर मोजली तरी पिन तीच राहते. नाक तसं नाही, मोजलं की तेच बदलतं. एकदा ऍलर्जन मारलं की आत पेशींची गर्दी होते आणि काही दिवस नाक जास्त संवेदनशील होऊन बसतं. अमेरिकेतल्या कॉनेल नावाच्या डॉक्टरनं १९६० च्या दशकातच दाखवलं होतं की रोज रोज परागकण नाकात टाकले तर पुढं पुढं खूप कमी डोसवर तोच त्रास होतो, याला प्रायमिंग म्हणतात. म्हणजे दोन दिवसांनी परत केली असती तर दुसरा आकडा पहिल्याशी तुलना करायच्या लायकीचाच राहिला नसता. आणि फार उशीर केला तर पाऊस पडतो, गवत उगवतं, नाक आपोआप प्राइम होतं. नागपुरात ही खिडकी एप्रिल-मे एवढीच.

हे माझ्यासारख्या एकट्याचं टेन्शन नाही, सगळा रिसर्च याच्यावर अडकलेला आहे. औषध चाललं की नाही हे सीझनमध्ये लोकांना मोकळं सोडून पाहायचं म्हटलं तर एखाद्या वर्षी पराग कमी, एखाद्या आठवड्यात पाऊस, कोणी एसीत बसलेला, कोणी शेतात, सगळ्यांना सारखा डोस मिळतच नाही. म्हणून व्हिएन्ना, जर्मनीत हानोव्हर, कॅनडात किंग्स्टन इथं अख्ख्या खोल्याच बांधल्या आहेत, हवेत ठरलेल्या प्रमाणात पराग सोडतात आणि लोकांना काही तास आत बसवतात. नाकातला स्प्रे हा त्याचा स्वस्त भाऊ. लंडनला इंपीरियल कॉलेजनं १०६ लोकांवर गवताच्या इम्युनोथेरपीची ट्रायल केली, २०१७ ला छापली, त्यात मुख्य निकालच नाकातल्या चॅलेंजवर होता. दोन वर्षं औषध, एक वर्ष बंद, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी जिभेखालच्या गोळीवाले आणि खोटी गोळीवाले यांच्यात ठळक फरक दिसला नाही. मला त्यातून घ्यायचं ते एवढं, की काहीच औषध न घेता तेच नाक वर्षावर्षाला किती हलतं हे खोटी गोळीवाल्या गटावरून कळतं, आणि ते माहीत नसेल तर फरक पडला असं कोणीही म्हणू शकतो, नाही पडला असंही. औषधाला परवानगी देणारे सुद्धा ही टेस्ट डोस ठरवायला वगैरे चालवून घेतात, शेवटचा पुरावा मात्र खऱ्या सीझनमधला मागतात, त्याचं कारण मला आता कळतं.

असो, दुसरी वेळ. मे संपता संपता गेलो, सकाळची तीच वेळ मागून घेतली, खोली तीच, बाटली त्याच लॉटची (मी पाहिली, त्यांनी दाखवली). सिस्टर मात्र वेगळी. आकडे असे आले: सुरुवातीला १५०, सलाईननंतर १४०, गाजरगवतानंतर ९०, मार्क एकवरून सात. उतार ३६ टक्के.

आता बसा डोकं लावत. पहिल्या वेळी ४४, दुसऱ्या वेळी ३६, आणि ४० ची रेघ बरोब्बर मधून गेलेली. नुसत्या आकड्यावर निकाल लावणारा कोणी असता तर एप्रिलमध्ये सरळ पॉझिटिव्ह आणि मेमध्ये नाही, नाक एकच. माझ्या हिशेबानं सुरुवातीचा आकडा १३० वरून १५० झाला तो बराचसा मला ओढायला जमलं म्हणून, आणि नवीन सिस्टर मास्क जरा घट्ट धरायची. प्रायमिंग असतं तर दुसऱ्या वेळी उतार वाढला असता, तो कमी झाला, म्हणजे मधला गॅप पुरला. मार्क आठ आणि सात, दोन्ही वेळी शिंका तशाच, वेळ तीच, सलाईनला दोन्ही वेळी नाक शांत. डॉक्टरांनी कागद पुढं ठेवून हेच सांगितलं, ३६ असला तरी मार्क एवढे वाढलेत म्हणून दोन्ही वेळा पॉझिटिव्हच धरायचं, आणि खरं सांगतो, एवढ्या नीट समजावणारा डॉक्टर मला बऱ्याच वर्षांत भेटला नव्हता. मग हेच रिपोर्टमध्ये का नाही लिहीत हो? दुसरा रिपोर्ट पण तसाच आला, एक ओळ.

माझं मत असं, दोन रीडिंगवरून कोणताही गेज पास होत नाही, पण हो की नाही एवढंच विचारायचं असेल तर ही टेस्ट विश्वासाची आहे, अट एकच की सलाईन आधी मारलं पाहिजे आणि आकडा व मार्क दोन्ही सोबत पाहिले पाहिजेत. किती ऍलर्जी आहे, गेल्या वेळेपेक्षा कमी झाली का, हे या नळीवर पाच-दहा टक्क्यांच्या फरकानं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. तेवढा फरक तर सिस्टर बदलली तरी पडतो.

पैसे साडेचार हजाराच्या आतबाहेर, यूपीआय चालतं, पावती मागितली तर देतात. दमा असलेल्यांनी आधी स्वतःच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय जाऊ नका, आणि घरी गाजरगवताची फुलं हुंगून पाहायचा शहाणपणा कोणीच करू नका, आमच्या शिफ्टमधल्या एकानं विचारलं होतं म्हणून लिहून राहिलो. सकाळची पहिली वेळ मागा, अकरानंतर वेटिंग रूममध्ये बसायला जागा नसते. सिस्टरच्या पॅडचा फोटो नक्की काढा, नाही म्हणत नाहीत. रुमाल एक पुरत नाही.

ड्रॉप्स सुरू केले आहेत. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच खोलीत, त्याच वेळेला परत मोजायचं आणि सगळे आकडे छापील द्यायचे असं मी डॉक्टरांकडून कबूल करून घेतलं. तेव्हा अर्ध्या पैशात करू असंही म्हणाले ते, ते मी फाईलवर त्यांच्याच हातानं लिहून घेतलं आहे.